गाडीचा वीजखर्च बिलाच्या वरच्या टप्प्यावर मोजा

विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरलं की किमतीपाठोपाठ घरात दुसरा प्रश्न येतो : महिन्याचं लाइटबिल किती वाढेल? शोरूममध्ये याचं उत्तर तयार असतं. किलोमीटरला रुपया, फार तर सव्वा रुपया. गाडी येते, दोन महिने जातात आणि बिल हातात पडतं तेव्हा वाढ सांगितल्याच्या दुप्पट निघते. मग गाडीवर संशय, मीटरवर संशय, आणि सोसायटीत राहत असाल तर शेजाऱ्यांचा तुमच्यावर संशय.

यात बहुतेक वेळा दोष ना गाडीचा असतो ना मीटरचा. हिशोब करताना एकच चूक झालेली असते. मागच्या बिलाची रक्कम युनिटांनी भागून जो सरासरी दर येतो, तोच गाडीच्या विजेला लावलेला असतो. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. घरातले दिवे, पंखे, फ्रिज यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच भरलेले असतात. गाडीची वीज त्यांच्यावर जाऊन बसते, म्हणून तिचा खर्च वरच्या टप्प्याच्या दराने मोजायचा. एवढं धरून ठेवलंत तर पुढचं सगळं सातवीच्या गणिताचं आहे. कागद, पेन आणि मागच्या वर्षाची बिलं घेऊन बसा.

आधी पाहा, वीज कोणाची

मुंबई उपनगरांत वीज देणारी कंपनी एकच नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागांत बहुतेक घरांत अदानी इलेक्ट्रिसिटीचं बिल येतं. १९२९ साली स्थापन झालेल्या आणि जुने लोक आजही ‘बीएसईएस’ म्हणतात त्या कंपनीचं हे जाळं. मधल्या काळात ते रिलायन्सकडे होतं आणि ऑगस्ट २०१८मध्ये अदानींकडे आलं. याच भागांत टाटा पॉवरचेही ग्राहक आहेत. त्यांतल्या काहींच्या घरी तारा अदानींच्या आणि वीज टाटांची, अशी ‘चेंजओव्हर’ची व्यवस्था असते. भांडुप आणि मुलुंडमध्ये मात्र महावितरण आहे.

तिन्हींचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, पण ते सारखे नसतात. म्हणून मुलुंडच्या मेव्हण्याने सांगितलेला खर्च बोरिवलीच्या घराला लागू होत नाही. चेंजओव्हरच्या ग्राहकाने तर शेजारच्या फ्लॅटचाही आकडा घेऊ नये. आपलंच बिल समोर हवं.

बिलातल्या ओळी

बिलावरच्या पाच ओळी ओळखा.

*स्थिर आकार* : वीज वापरा वा न वापरा, दरमहा लागतो. काही दरपत्रकांत हा आकारही वापराच्या टप्प्यानुसार वाढतो, आणि थ्री फेज घेतलं की बदलतो.

*वीज आकार* : इथे टप्पे असतात. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५००च्या वर. टप्पा ओलांडला म्हणजे सगळेच युनिट महाग होत नाहीत. फक्त वरचे युनिट वरच्या दराने लागतात. हा गैरसमज फार पसरलेला आहे, तो आधी काढून टाका.

*वहन आकार* : वीज तारांतून तुमच्यापर्यंत आणण्याचा प्रत्येक युनिटमागचा आकार. गाडीच्या प्रत्येक युनिटलाही तो लागतो.

*इंधन समायोजन आकार* : वीजखरेदीच्या खर्चातल्या चढउताराप्रमाणे बदलतो.

*वीज शुल्क* : राज्य सरकारचं. घरगुती वापरावर १६ टक्के. हे बिलाच्या आकारांवर टक्केवारीने बसतं, म्हणून आकार वाढला की शुल्कही वाढतं.

आता प्रत्येक टप्प्यासाठी वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करा आणि ती बिलाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. हे चार आकडे म्हणजे तुमच्या घराचे खरे दर.

मीटरवर किती युनिट पडतात

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. बॅटरीची क्षमताही याच मापात सांगतात. एमजी कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटांची, टाटा टियागो ईव्हीची १९.२ किंवा २४, पंच ईव्हीची २०२४मध्ये आली तेव्हा २५ किंवा ३५, नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीची ४५.

पण मीटरवर फिरणारे युनिट आणि बॅटरीत पोचणारे युनिट सारखे नसतात. घरातली वीज एसी, बॅटरीला लागते डीसी. गाडीतल्या उपकरणात हे रूपांतर होताना काही वीज उष्णता होऊन जाते, काही बॅटरी थंड ठेवायला लागते. ही घट साधारण १० ते १५ टक्के धरावी. १२ टक्के धरली तर बॅटरीतल्या ४५ युनिटांसाठी मीटरवर सुमारे ५१ पडतात, २४ साठी सुमारे २७. गाडीच्या पडद्यावरचा आकडा बॅटरीचा असतो. पैसे भरायचे ते मीटरच्या आकड्याचे.

दुसरा आकडा हवा तो एका युनिटमध्ये गाडी किती जाते याचा. कंपनीने जाहीर केलेली रेंज चाचणीतली असते. आपल्या रस्त्यांवर मध्यम आकाराच्या गाडीला युनिटमागे ७ किलोमीटर धरणं सुरक्षित, लहान गाडीला थोडे जास्त. वाहतूक कोंडीत या गाडीचं पेट्रोलच्या गाडीसारखं नुकसान होत नाही, कारण उभी असताना मोटर वीज खात नाही आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. एसी मात्र चालूच राहतो. मे महिन्यात जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवर तासभर अडकलात तर सुमारे एक युनिट केवळ गारव्यात जातं. म्हणजे सात किलोमीटरची वाट.

हिशोब पायरी-पायरीने

आता एक घर घेऊ. बोरिवलीत राहणारं कुटुंब, नोकरी अंधेरीत. जाऊन-येऊन ३० किलोमीटर, वर मुलांचा क्लास, बाजार मिळून दिवसाला ४०. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,००० किलोमीटर. घराचा आताचा वापर २८० युनिट.

दर मी मोजायला सोपे पडावेत म्हणून गोल घेतो आहे. ते कोणत्याही कंपनीचे नाहीत. वहन आणि इंधन समायोजन धरून पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला १३ आणि ५००च्या वर १५. तुम्ही यांच्या जागी बिलाच्या कोपऱ्यात लिहिलेले आकडे घाला.

पहिली पायरी : १,००० भागिले ७, म्हणजे बॅटरीतून १४३ युनिट.

दुसरी पायरी : १४३ भागिले ०.८८, म्हणजे मीटरवर १६२ युनिट.

तिसरी पायरी : २८० मध्ये १६२ मिळवा. ४४२. म्हणजे गाडीचे पहिले २० युनिट दुसऱ्या टप्प्यात बसले आणि उरलेले १४२ तिसऱ्यात.

चौथी पायरी : २० गुणिले १० म्हणजे २०० रुपये, १४२ गुणिले १३ म्हणजे १,८४६. एकूण २,०४६ रुपये.

पाचवी पायरी : त्यावर १६ टक्के शुल्क. २,३७३ रुपये.

किलोमीटरला २ रुपये ३७ पैसे. स्थिर आकाराचा टप्पा बदलत असेल तर तेवढा फरक यात मिळवायचा.

आता नेहमीची चूक कशी होते ते पाहा. घराचं मूळ बिल २८० युनिटांचं २,४०० रुपये, म्हणजे सरासरी ८ रुपये ५७ पैसे. घट आणि शुल्क विसरून १४३ युनिटांना हा दर लावला की येतात १,२२६ रुपये, किलोमीटरला सव्वा रुपया. शोरूममधलं उत्तर हेच. प्रत्यक्ष खर्च त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि घरातली शांतता बिघडवायला एवढा फरक पुरतो.

एकाच गाडीचे तीन खर्च

वरचा आकडा बाराही महिने तसाच राहत नाही. गाडी तितकीच धावली तरी घराचा वापर बदलला की तिचे युनिट वेगळ्या टप्प्यात जाऊन बसतात.

फेब्रुवारीत एसी बंद, घराचा वापर १८०. गाडीचे १६२ मिळून ३४२. यातले १२० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि ४२ तिसऱ्यात. शुल्कासह २,०२५ रुपये, किलोमीटरला २ रुपये ३ पैसे.

मे महिन्यात दोन खोल्यांत एसी, घराचा वापर ४८०. गाडीचे फक्त २० युनिट तिसऱ्या टप्प्यात मावतात, १४२ थेट ५००च्या वर जातात. शुल्कासह २,७७२ रुपये, किलोमीटरला २ रुपये ७७ पैसे.

म्हणून एका बिलावरून निर्णय घेऊ नका. बारा बिलं काढा, प्रत्येक महिन्याचा हिशोब वेगळा करा आणि मग सरासरी काढा. बिलावर मागच्या महिन्यांचे वापर छापलेले असतात. तेवढे आकडे पुरतात.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. सुरक्षा ठेव तुमच्या सरासरी बिलावरून ठरते. गाडीमुळे बिल वाढलं की पुढे कधीतरी वाढीव ठेवीची मागणी येईल. हा खर्च नाही, ठेवच आहे आणि तिच्यावर व्याजही मिळतं. पण त्या महिन्यात रक्कम तयार हवी.

दिवसा की रात्री

रात्री वीज स्वस्त असते, असं अजून अनेक जण सांगतात. चित्र बदललं आहे. सौर ऊर्जेमुळे आता दुपारची वीज मुबलक असते आणि ताण येतो तो संध्याकाळी. जून २०२३मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केला. सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा, असं त्यात आहे. १ एप्रिल २०२५पासून शेती वगळता इतर ग्राहकांसाठीही वेळेनुसार दर आणायचे ठरले. हे दर लागू होण्यासाठी स्मार्ट मीटर लागतो. तुमच्याकडे तो बसला असेल तर बिलावर वेळेनुसार वापर आणि सवलत वेगळी दाखवलेली आहे का ते पाहा. असेल तर सुट्टीच्या दिवशी दुपारी गाडी चार्जिंगला लावणं फायद्याचं. जुनाच मीटर असेल तर वेळेने दरात फरक पडत नाही. अशा वेळी संध्याकाळची गर्दीची वेळ टाळून रात्री उशिरा लावा, म्हणजे घरातल्या एसी-गीझरबरोबर एकदम भार येणार नाही.

वेगळा मीटर घ्यावा का

घरच्याच मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो, त्यासाठी कोणती वेगळी परवानगी वीज कंपनीकडून घ्यावी लागत नाही. फक्त मंजूर भार पुरेसा हवा. दुसरा मार्ग म्हणजे गाडीसाठी स्वतंत्र जोडणी. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत पुन्हा सुधारणा केली, त्यानुसार ग्राहकाला वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते.

आयोगाच्या दरपत्रकात वाहन चार्जिंगची स्वतंत्र वर्गवारी आहे. तिच्यात घरगुती विजेसारखे चढते टप्पे नाहीत, पण मंजूर भारानुसार स्थिर आकार आहे. वेगळा मीटर मागण्याआधी कंपनीला लेखी विचारा की तो कोणत्या वर्गवारीत बसेल. उत्तर हातात आलं की तुलना अशी करा.

समजा, वाहन वर्गवारीत सगळे आकार धरून युनिटला ९ रुपये आणि स्थिर आकार महिन्याला ५०० रुपये पडतो. शुल्क दोन्हीकडे बाजूला ठेवू. आपल्या कुटुंबाचे १६२ युनिट या मीटरवर १,४५८ अधिक ५००, म्हणजे १,९५८ रुपयांना पडतील. घरच्या मीटरवर तेच २,०४६ होते. वाचले ८८ रुपये. एवढ्यासाठी वेगळी जोडणी आणि तिची ठेव भरण्यात अर्थ नाही.

आता तीच गाडी महिन्याला २,००० किलोमीटर धावते असं धरा. ३२४ युनिट. घरच्या मीटरवर एकूण वापर ६०४ वर जातो आणि गाडीचे ४,३६० रुपये होतात. वेगळ्या मीटरवर ३,४१६. महिन्याला ९४४ रुपये वाचले. इथे वेगळा मीटर घ्यावा.

थोडक्यात, घराचा वापर आधीच जास्त आणि धावणंही जास्त असेल तर वेगळा मीटर. दोन्ही कमी असेल तर घरचाच. मधल्या स्थितीत असाल तर आधी सहा महिने घरच्या मीटरवर चालवा आणि प्रत्यक्ष आकडे हातात आल्यावर ठरवा.

सोसायटीत भांडण होऊ नये म्हणून

उपनगरातला खरा प्रश्न अनेकदा दरापेक्षा तारेचा असतो. फ्लॅट सातव्या मजल्यावर, मीटर तळमजल्याच्या मीटर रूममध्ये आणि पार्किंग इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल न्यायची तर कमिटीची ना हरकत लागते. अर्जाबरोबर केबलचा मार्ग दाखवणारा साधा नकाशा, परवानाधारक वायरमनचं अंदाजपत्रक आणि मंजूर भाराचा कागद जोडा. कमिटीच्या शंका बहुधा सुरक्षिततेच्या असतात, आणि त्या रास्त असतात. त्यांना कागदाने उत्तर द्या.

काही ठिकाणी सोय म्हणून जिन्याच्या, लिफ्टच्या, पंपाच्या सामाईक मीटरवरूनच गाडी चार्ज करायला देतात. असं करायचंच असेल तर पार्किंगमध्ये सब-मीटर हवाच, आणि आकारणीचा नियम सर्वसाधारण सभेत ठरलेला हवा. सामाईक मीटरचा वापर मोठा असतो, त्यामुळे गाडीचे सगळे युनिट सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात. गाडीवाल्याने सरासरी दराने पैसे भरले तर फरक बाकीच्या सभासदांच्या मेंटेनन्समधून जातो. गाडी नसलेल्या आजोबांनी तो का भरावा? वरच्या टप्प्याचा दर अधिक शुल्क, गुणिले सब-मीटरचे युनिट, हाच नियम सर्वांना न्याय देणारा आहे.

गच्ची मोकळी असलेल्या सोसायट्यांनी सौर पॅनेलचाही विचार करावा. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि सामाईक वापरात वाहन चार्जिंगही धरलेलं आहे. घरामागे ३ किलोवॅट या हिशोबाने त्याची कमाल मर्यादा ५०० किलोवॅट आहे.

चार्जर किती मोठा हवा

गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि तासाला सुमारे ३.३ युनिट घेतो. भिंतीवर बसवायचा चार्जर ७.२ किलोवॅटचा असतो, त्याला ३२ अँपिअरची लाइन लागते आणि अनेकदा मंजूर भारही वाढवावा लागतो. लवकर चार्ज व्हावी म्हणून बरेच जण मोठाच घेतात.

आपल्या कुटुंबाला दिवसाला मीटरवर साडेसहा युनिट लागतात. साध्या चार्जरने ते दोन तासांत भरतात. रात्रभर लावली तर नऊ तासांत जवळपास ३० युनिट जातात. रोजच्या उपनगरी धावण्याला एवढं भरपूर आहे. मोठ्या चार्जरने वीज स्वस्त होत नाही, फक्त वेळ वाचतो. तो वेळ तुम्हाला खरोखर हवा असेल तरच खर्च करा.

वायरिंगवर मात्र काटकसर नको. गाडीसाठी थेट वेगळी लाइन, पुरेशा जाडीची तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी आणि तपासलेलं अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नका. त्याची तार तासन् तास एवढा भार वाहण्यासाठी नसते. आणि सॉकेट उंचावर बसवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतल्या असंख्य इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. त्या दिवशी तुमच्या पार्किंगमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते जुन्या रहिवाशांना विचारा, आणि सॉकेट त्याच्या वर घ्या.

पेट्रोलशी तुलना

इतकं सगळं धरूनही गाडी परवडते का? उपनगरी रहदारीत लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी आणि लिटरचा दर १०४ रुपये धरू. १,००० किलोमीटरला ६,९३३ रुपये. विजेचे २,३७३. महिन्याला सुमारे साडेचार हजार रुपये वाचतात. धावणं ५०० किलोमीटरच असेल तर बचत साधारण २,३०० वर येते. गाडीच्या किमतीतला जास्तीचा फरक या आकड्याने भागा, म्हणजे तो किती महिन्यांत भरून निघतो ते कळेल. एखाद्या घरी उत्तर तीन वर्षं येईल, एखाद्या घरी दहा. ज्यांच्या घरी दहा येतं त्यांनी घाई करू नये.

गाडी घरी आली की अंदाज सोडा आणि मोजमाप सुरू करा. चार्जरच्या लाइनवर सब-मीटर बसवा. महिन्याच्या पहिल्या तारखेला सब-मीटरचं रीडिंग आणि गाडीचे किलोमीटर एका वहीत लिहा. महिन्याने पुन्हा लिहा. किलोमीटर भागिले सब-मीटरचे युनिट, हा तुमच्या गाडीचा, तुमच्या रस्त्यांवरचा, घट धरून निघालेला खरा आकडा. वर मी धरलेल्या ७ आणि १२ टक्क्यांची मग गरज उरत नाही.

गाडी बुक करायच्या आधी मात्र एक संध्याकाळ या हिशोबाला द्या. बारा बिलं, चार दर, पाच पायऱ्या. घरातल्या सगळ्यांसमोर करा आणि आलेला आकडा कागदावर लिहून ठेवा. पहिलं बिल येईल तेव्हा तो कागद बिलाशेजारी ठेवून पाहा.